क्रमांक सातचे स्टेनलेस स्टील

जगातली प्रत्येक हलणारी वस्तू झिजते, हे यंत्रशास्त्राचे पहिले सत्य होय. चाक झिजते, चप्पल झिजते, कंडक्टरचा अंगठा झिजतो. न झिजण्याचा खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे न हलणे. हा उपाय शास्त्रशुद्ध रीतीने वापरणारी संस्था म्हणजे समिती. नागपुरात आजवर एकही समिती झिजून बंद पडल्याची नोंद नाही.

संघपाल गजभिये या कनिष्ठ अभियंत्याला मात्र हलावे लागे, तेही रोज. त्याला या प्रकरणातून काय मिळायचे होते ते आधीच सांगून टाकलेले बरे, म्हणजे पुढे कोणी त्याच्यावर समाजसेवेचा आरोप करणार नाही. त्याचे घर मनीषनगरला आणि नोकरी सावनेरला. जाऊन-येऊन ब्याण्णव किलोमीटर. वर्षाचे दोनशे ऐंशी दिवस, अशी सात वर्षे, म्हणजे पृथ्वीला साडेचार प्रदक्षिणा. आणि प्रत्येक प्रदक्षिणेत बाहेर पाहावे तर सावनेरच. बदली नागपूरला झाली असती तर त्याला मिळायचे होते ते असे: हात टेकायला दांड्या असलेली खुर्ची, दुपारी गरम पोळी, आणि पिंकी. पिंकी ही त्याची आठ वर्षांची मुलगी. तिने शाळेतल्या निबंधात लिहिले होते, "माझे बाबा रविवारी असतात." बाईंनी या वाक्याला 'छान' असा शेरा दिला होता. संघपालला मात्र ते वाक्य बसमध्ये, सावनेरच्या अलीकडे, रोज एकदा आठवे.

तो जिथे नोकरीला होता त्या संस्थेचे पूर्ण नाव सार्वजनिक पेयजल दाबनळ उभारणी व देखभाल मंडळ. लोक त्याला तोटी मंडळ म्हणत. मंडळाचे शहरात चारशे बारा दाबनळ होते: बसथांब्यावर, बाजारात, कचेऱ्यांच्या दारात. वरून दाबले की पाणी येते आणि सोडले की बंद होते, अशी योजना. योजना आणि नळ यांच्यामध्ये एक पिन होती. बावीस मिलिमीटर लांब, पाच मिलिमीटर जाड. नळ दाबला की ती खाली जायची, सोडला की वर यायची. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की गर्दीच्या थांब्यावर तो नळ दिवसाला चार हजार वेळा दाबला जाई. एकोणीस दिवसांत पिन झिजून अडके. त्यानंतर नळ एक तर उघडत नसे, नाहीतर मिटत नसे. (मंडळाच्या अहवालात पहिल्या प्रकाराला 'जलबचत' आणि दुसऱ्याला 'अखंड सेवा' म्हटले आहे.)

खरेदी समितीचे अध्यक्ष गिरिधर घाटे साहेब यांनी फेब्रुवारीत संघपालला बोलावून सांगितले, "गजभिये, या उन्हाळ्यात एकही नळ अडकता कामा नये. नाही अडकला, तर तुमची नागपूरची बदली मी स्वतः करून घेतो."

संघपाल कामाला लागला.

सावनेरच्या कार्यशाळेत देवराव नावाचे जुने टर्नर होते. निवृत्तीला दीड वर्ष उरलेले, तोंडात सकाळी दहापर्यंत कडुनिंबाची काडी, हातात मापाचा काटा. दोघांनी मिळून मूळ दुखणे शोधले. पिन तीनशेचार नंबरच्या स्टेनलेसची होती, म्हणजे ज्याची घरोघरी भांडी असतात त्याचीच. हे स्टील गंजत नाही, दिसायला देखणे, पण स्वभावाने मऊ. त्याचीच पिन त्याच्याच भोकात खालीवर केली की दोघे एकमेकांची साल काढतात आणि शेवटी एकमेकांना धरून बसतात. (मंडळाच्या भाषेत, 'समन्वय'.)

यावर उपाय होता चारशेवीस नंबरचे स्टेनलेस. लालबुंद तापवून तेलात विझवले की ते इतके कडक होते की त्यावरून कानस घसरते, आणि पिण्याच्या पाण्यात गंजण्याचीही फारशी भीती नाही. देवरावांनी त्याच्या पिना केल्या, शिलाई मशीनची एक जुनी मोटर नळाला जोडली आणि नळ आपोआप दाबला जाईल अशी व्यवस्था केली. जुनी पिन शहात्तर हजार दाबांत अडकली. नवी तीन लाखांपर्यंत गेली आणि मग सगळेच थांबले.

"काय झालं देवरावजी, पिन गेली?"

"पिन कायची जाते जी! मोटर मेली. पिन पाहा ना, लग्नाले निघाल्यावानी चमकून राहिली."

ती पिन रुमालात बांधून संघपाल नागपूरला समितीपुढे गेला. समितीत तिघे होते: घाटे साहेब, लेखाधिकारी सुमती देशकर, आणि भांडार अधिकारी उन्मेष, जे बैठकीत फक्त "अनुमोदन" एवढाच शब्द बोलत, पण तो फार सुंदर उच्चारत.

पहिली हरकत घाटे साहेबांनी घेतली. "चारशेवीस? सरकारी नळात चारशेवीस? गजभिये, हा नंबर बदलता येणार नाही का?"

संघपाल म्हणाला, नंबर कंपनीचा आहे, साहेब. साहेबांनी 'नंबराबाबत खेद' अशी नोंद करून विषय पुढे नेला.

मग सुमतीताईंनी पर्समधून चुंबक काढला.

या चुंबकाविषयी थोडे आदराने लिहायला हवे. तो जुन्या रेडिओच्या स्पीकरमधून काढलेला होता. सुमतीताई सव्वीस वर्षे त्याच्याशिवाय भांड्यांच्या दुकानात शिरल्या नव्हत्या. इतवारीतले दुकानदार त्यांना लांबून पाहून गल्ल्यावर दुसऱ्याला बसवीत. त्यांच्या मुलीच्या, अबोलीच्या लग्नात एकावन्न ताटे त्यांनी चुंबकाला चिकटली म्हणून परत केली होती, तेही अक्षता पडायच्या आदल्या दिवशी. वऱ्हाडाने पत्रावळीवर जेवण केले. ही घटना दोन्ही घराण्यांत अभिमानाने सांगितली जाते. व्याह्यांकडे जरा वेगळ्या आवाजात.

त्यांनी चुंबक पिनेजवळ नेला. टक् असा आवाज झाला.

"चिकटलं," सुमतीताई म्हणाल्या.

"चिकटलं," घाटे साहेब म्हणाले.

"अनुमोदन," उन्मेष म्हणाले.

"मॅडम, हे चिकटतंच," संघपाल म्हणाला. "जे स्टेनलेस तापवून कडक होते, ते चुंबकाला धरते. जे धरत नाही ते मऊ. म्हणून तर आपली पिन झिजून राहिली."

"गजभिये, मी सव्वीस वर्षं भांडी घेऊन राहिले. चिकटलं की लोखंड. मला माझ्या सासूबाईंनी सांगितलं, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी."

"भांड्याचं ठीक आहे, मॅडम. भांडं कुठं रोज घासते?"

"भांडं रोज घासत नाही? तुमच्या घरी कोण घासते, तुम्ही की मिसेस?"

समिती हसली. हसणे ओसरल्यावर घाटे साहेबांनी चष्मा काढला आणि अतिशय हळू आवाजात विचारले, "म्हणजे तुमचं म्हणणं असं, की त्या एकावन्न ताटांत दोष नव्हता?"

संघपालच्या लक्षात आले की आपण पिनेबद्दल बोलत नसून एका लग्नाबद्दल बोलत आहोत. अशा वेळी शहाण्या माणसाने जे म्हणावे तेच तो म्हणाला, "तसं नाही, मॅडम."

मंडळ विज्ञानाच्या विरोधात होते असे मात्र कोणी समजू नये. उलट, हा प्रश्न कायमचा निकाली काढण्यासाठी समितीने दोन आठवड्यांत 'चुंबक चाचणी कार्यपद्धती' तयार केली. ती चौदा पानांची आहे आणि वाचनीय आहे. चुंबक शासकीय असावा, असे पहिलेच कलम आहे. (सुमतीताईंचा चुंबक खासगी मालमत्ता ठरल्याने तो रीतसर दान घेऊन 'संदर्भ चुंबक' म्हणून लोखंडी कपाटात ठेवण्यात आला. कपाटातून तो पुन्हा निघाला नाही, कारण तो कपाटाला आतून चिकटला.) चुंबक धरणाऱ्याच्या बोटात लोखंडी अंगठी नसावी, शनीची असल्यास ती शनिवार सोडून इतर दिवशी काढावी. नमुन्यांशी छेडछाड होऊ नये म्हणून ते सीलबंद पाकिटात असावेत, आणि सील तुटू नये म्हणून चाचणी पाकीट न उघडता, बाहेरून करावी. नमुने सातपेक्षा कमी असल्यास प्रस्ताव अपूर्ण समजावा. सातच का, असे संघपालने विचारले, तेव्हा छापील नमुन्यात सात रकाने आहेत असा खुलासा मिळाला.

कडकपणाची चाचणी, झिजेची चाचणी, नळात घालून पाहण्याची चाचणी, यांचा उल्लेख कार्यपद्धतीत नाही. वेळ वाचवणे हा तिचा उद्देशच होता.

संघपालजवळ सहा नमुने होते. पाकिटे पाठवायच्या दिवशी नागपूरची बस सुटायला दहा मिनिटे उरली असताना देवरावांनी सातवे रिकामे पाकीट हलवून दाखवले.

"सातवं काय टाकू जी?"

"टाका ना देवरावजी, काहीही. कोण उघडून पाहते?"

हे वाक्य संघपालने पुढे पुष्कळ वेळा मनातल्या मनात म्हटले, दर वेळी वेगळ्या स्वरात.

निकाल मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात लागला. नमुना तीन, चार, पाच आणि सहा, म्हणजे जी स्टीले कडक होऊ शकत होती ती सगळी, पाकिटासकट चुंबकाला जाऊन चिकटली आणि नापास झाली. नमुना एक म्हणजे सध्याचीच पिन. गज ओढून बारीक करताना त्या स्टीलमध्येही थोडासा चुंबकी गुण येतो, त्यामुळे तिच्याबद्दल 'किंचित ओढ, चारित्र्य संशयास्पद' असा शेरा पडला. नमुना दोनबाबत मतभेद झाले. घाटे साहेबांना पाकीट हलल्यासारखे वाटले, सुमतीताईंच्या मते तो पंखा होता. सुरक्षितता म्हणून तेही नापास. नमुना सात मात्र सरळ, आडवा, उभा, तीन वेळा तपासला तरी ढिम्म हलला नाही. 'चुंबकाबाबत पूर्ण उदासीन. वजनाने हलके. आजवर पाहिलेल्या स्टेनलेस स्टीलमध्ये सर्वोत्कृष्ट.' खाली तीन सह्या.

आदेश सावनेरला पोचला: चारशे बारा नळांसाठी क्रमांक सातच्या पिना तातडीने तयार कराव्यात. संघपालने तो देवरावांना वाचून दाखवला. देवराव लेथला धरून खाली बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागले.

"काय झालं? काहून हसून राहिले?"

"साहेब... सात नंबर म्हणजे माही दातून जी!"

"काय?"

"कडुनिंबाची काडी! तुम्ही म्हटलं ना काहीही टाका, मी टाकली."

"चावलेली?" संघपालच्या तोंडून निघून गेले.

"चावलेली कशी देईन जी साहेबाले? दुसऱ्या टोकाची. लेथवर उतरवून, पाच मिलिमीटर बरोबर. आपण मापात खोट नाही ठेवत."

संघपाल हसला नाही. त्याच्यासमोर दोन रस्ते होते. गप्प बसावे तर चारशे बारा नळांत काड्या जाणार, मे महिन्यात त्या मोडणार आणि बदली बुडणार. खरे सांगावे तर समितीचे हसे होणार आणि बदली आजच बुडणार. दोन्ही रस्ते सावनेरलाच येत होते. मग निदान झोप तरी लागावी म्हणून त्याने खरे ते लिहिले: 'क्रमांक सात हे स्टेनलेस स्टील नसून कडुनिंबाची काडी आहे. चूक माझ्या देखरेखीत झाली. क्रमांक तीनचा, म्हणजे चारशेवीसचा, फेरविचार व्हावा.'

घाटे साहेबांनी त्याला बोलावले. ते रागावले नव्हते. रागावले असते तर संघपालला बरे वाटले असते.

"गजभिये, टिप्पणी वाचली. काडी आहे म्हणता."

"हो, साहेब."

"चाचणीत नापास झाली का?"

"नाही साहेब, पण काडी चुंबकाला कशी..."

"गंजते का?"

"नाही."

"डाग पडतो?"

"पडला तरी दिसणार नाही, साहेब."

"मग स्टेनलेसचे दोन्ही गुण आहेत. राहिलं स्टील." साहेबांनी क्षणभर विचार केला. "काडी आहे हे तुमचं वैयक्तिक मत झालं. ते स्टील आहे हे समितीचं मत आहे आणि त्यावर तीन सह्या आहेत. तुमच्या मतावर किती आहेत?"

"एक, साहेब."

"मग?"

देवरावांनी पिना केल्या. प्रत्येक पिनेची चुंबक चाचणी झाली; उत्तीर्णतेचे प्रमाण शंभर टक्के, जे मंडळाच्या इतिहासात प्रथमच घडले. एप्रिल उजाडला. संघपाल रोज सकाळी पहिल्या तक्रारीची वाट पाही.

तक्रार आली नाही. पाण्यात भिजून लाकूड किंचित फुगले, भोकात नेमके बसले, आणि पाण्याचेच वंगण होऊन अलगद सरकू लागले. जी पिन स्टीलची असताना एकोणीस दिवस टिकायची, ती काडीची सव्वीस दिवस टिकली. तीन आठवडे झाले की देवराव झोळी घेऊन निघत आणि नवी काडी बसवून येत. उन्हाळाभर चारशे बारांपैकी एकही नळ अडकला नाही. निसर्गाने संघपालवर केलेला हा सर्वांत मोठा अन्याय होय, कारण आता तो बरोबर होता हे सिद्ध करण्याचा कोणताही मार्ग उरला नव्हता.

घाटे साहेब शब्दाचे पक्के निघाले. जूनमध्ये बदलीचा आदेश आला: मुख्यालय, नागपूर. खुर्ची दांड्यांची. पदनाम, 'कच्चा माल निरीक्षक (वनस्पतीजन्य स्टेनलेस)'. त्या रात्री गजभियांच्या घरी आइस्क्रीम आले. दुसऱ्या दिवशी आदेशाचे दुसरे पान आले. हितसंबंध टाळण्यासाठी कच्चा माल आणि कार्यशाळा एकाच तालुक्यात असू नयेत, असे ठरले होते. म्हणून कडुनिंब पारशिवनी तालुक्यातला घ्यावा आणि निरीक्षकाने तिथे दररोज जातीने हजर राहावे.

सकाळी संघपालची बायको मोनाली डबा भरता भरता थांबली.

"अहो, बदली नागपूरले झाली ना? मग मी हा डबा कुठचा भरून राहिली?"

"पारशिवनीचा."

"तिथं काय हाय?"

"झाडं."

"झाडं पाहाले इंजिनियर काहून लागते?"

"पाहाले नाही वं. चुंबक लावाले."

मोनालीने त्याच्याकडे नीट पाहिले, डब्यात एक पोळी जास्त घातली आणि आत जाऊन पिंकीला म्हणाली, "तुह्या बाबाले सरकारनं झाडाले चुंबक लावाले ठेवलं. शाळेत सांगू नको."

मनीषनगर ते पारशिवनी, जाऊन-येऊन एकशे आठ किलोमीटर. (संख्या शुभ आहे, असे घाटे साहेबांनी निदर्शनास आणून दिले.)

पण संघपालने आशा सोडली नाही. नळांत चारशेवीसची पिन आली की काडी बंद, काडी बंद झाली की पारशिवनी बंद, आणि मग दांड्यांच्या खुर्चीवर खरोखर बसता येईल. त्याच्याकडे पुरावाही होता. सावनेरच्या कार्यशाळेच्या दारातल्या नळात देवरावांनी ती तीन लाख दाबांची पिन गुपचूप बसवून ठेवली होती. दोन उन्हाळे झाले, तिच्यावर ओरखडा नव्हता. संघपालने सविस्तर अर्ज केला. समितीने पाहणी केली आणि कळवले की त्या नळाबद्दल एकही तक्रार नाही, त्यामुळे दुरुस्तीची नोंद नाही, आणि ज्याची नोंद नाही असा नळ सावनेरला अस्तित्वात नाही. तरीही मंडळ लोकशाहीवादी असल्याने अंतिम निर्णय नागरिकांवर सोपवण्यात आला. नळांशेजारी अभिप्राय वह्या ठेवल्या गेल्या, पेन दोरीला बांधून. संघपालचे म्हणणे असे होते की लोक एवढे तरी लिहितील, की पाणी कडू लागते.

आता या काडीची कोणी काय किंमत मोजली ते पाहू. सुमतीताईंनी काही नाही. त्यांनी नवा चुंबक घेतला. घाटे साहेबांनी काही नाही. 'पर्यावरणपूरक नळ' यासाठी त्यांना शाल मिळाली. उन्मेष यांनी त्या सत्काराला अनुमोदन दिले. देवराव निवृत्त झाले, पण काड्या उतरवायला मंडळ त्यांना अजून बोलावते, आणि ते जातात, कारण मापाचा माणूस दुसरा नाही. संघपालने दिवसाला सोळा किलोमीटर जास्तीचे मोजले, दोन वर्षांत आठ हजार नऊशे साठ.

उरलात तुम्ही. मागच्या मे महिन्यात, दुपारी दोनच्या सुमारास, सीताबर्डीला बसची वाट पाहताना तुम्ही नळ दाबलात. पाणी जिभेला किंचित कडू लागले. तुम्ही शेजारच्या गृहस्थांना म्हणालात, "भाऊ, एकदम औषधी पाणी हाय. शुगरवाल्याले एक नंबर." मग घरच्यांसाठी बाटली भरून घेतलीत आणि दोरीचे पेन ओढून वहीत लिहिलेत, 'अतिउत्तम. असेच चालू ठेवावे.' खाली सही, पूर्ण नावासकट. अशा तीन हजार एकशे चौदा सह्या जोडून संघपालचा अर्ज निकाली काढण्यात आला. तुमची एक हजार आठशे सातवी आहे. अक्षर छान आहे. पाण्याचे तुमच्याकडून कोणी काही घेतले नाही. त्याचे भाडे संघपाल गजभिये रोज सकाळी सव्वासहाच्या पारशिवनी बसमध्ये देतो.